तर्रीची मागे मागे फेरी: क्लिक बरोबर होता, खाऊ चुकीच्या हातात होता

तर्री ही नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका घरची देशी कुत्री. दोन वर्षांची, तांबूस रंगाची (नाव त्यावरूनच), अंगाने हलकी आणि कंबर एकदम लवचिक. घरातली पोरगी इंजिनिअरिंगला आहे, तिने व्हिडिओ बघून बघून क्लिकरने (दाबली की टक वाजणारी छोटी डबी, बरोबर केलं की वाजवायची आणि मग खाऊ द्यायचा) तिला बरंच काही शिकवून ठेवलं होतं, बसणं-झोपणं तर सोडाच, पायांमधून आठचा आकडा काढणं, सरळ रेषेत मागे चालणं, पुढचे पाय पाटावर ठेवून मागचं अंग गोल फिरवणं, हे सगळं तर्री मस्त करते. अडलं होतं एका ठिकाणी आणि चांगलंच अडलं होतं, म्हणून तिने मला बोलावलं. ते प्रकरण इथे पूर्ण लिहिते कारण हेच अडणं मी अजून बऱ्याच घरी बघून राहिली आहे.

तिला शिकवायचं होतं ते असं. माणूस एका जागेवर उभा. कुत्रा त्याच्या डाव्या गुडघ्याशी, तोंड माणसासारखंच समोर. तिथून कुत्र्याने मागे मागे चालत माणसाच्या पाठीमागून जायचं, उजव्या बाजूला निघायचं, मग माणसाच्या पुढून तसंच मागे मागे येत परत डाव्या गुडघ्याशी थांबायचं. पूर्ण गोल, आणि पूर्ण वेळ रिव्हर्समध्ये. इंग्लंडमध्ये क्रफ्ट्स नावाचा कुत्र्यांचा मोठा शो असतो, तिथे हीलवर्क टू म्युझिकमध्ये कुत्रे माणसासोबत गाण्यावर करतात नं, त्यातली ही मूव्ह. बघायला सोपी वाटते पण कुत्र्याच्या दृष्टीने अवघड आहे, कारण कुत्रा रोजच्या आयुष्यात मागच्या पायांचा वेगळा विचार करत नाही, तोंड जिकडे गेलं तिकडे पुढचे पाय जातात आणि मागचे पाय आपसूक येतात. इथे उलट पाहिजे, मागच्या पायांनी रस्ता ठरवायचा आणि तोंडाने त्यांच्या मागे जायचं, आणि तेही न दिसणाऱ्या दिशेला.

तर्री पहिला पाव गोल छान करायची. डाव्या गुडघ्यापासून निघून पोरीच्या पाठीमागे जायची, आणि तिथे पोचली की गर्रकन वळून तोंड पुढे करून उजव्या बाजूला हजर. दरवेळी. काही आठवडे हेच चाललं होतं. घरच्यांचं मत झालं होतं की कुत्री हट्टी आहे, आणि फिरायला गेल्यावर कोणी तरी सांगितलं की देशी कुत्री असंच करतात, लॅब घ्यायला पाहिजे होता. हे मला अजिबात पटत नाही. जी कुत्री दरवेळी त्याच जागी, त्याच बाजूला, त्याच पद्धतीने वळते ती हट्ट करत नाहीये, ती शिकलेली आहे, फक्त आपल्याला पाहिजे ते नाही तर दुसरंच काही तरी शिकलेली आहे. आणि ते तिला आपणच शिकवलेलं असतं.

तरी सगळ्यात आधी तिला डॉक्टरला दाखवायला लावलं. मागे चालताना पूर्ण जोर कंबर, गुडघे आणि मागच्या पंजांवर येतो, आणि आपल्याकडे गोचिडांचा ताप इतका आहे की कुत्रं सांधेदुखीने नाही म्हणतंय हे कळतही नाही. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवून आणलं, पाय, कंबर, रक्त सगळं ठीक निघालं, नखं तेवढी वाढली होती ती कापली. कुत्रं एकाच बाजूला वळायला नकार देत असेल तर ट्रेनिंगचा विचार नंतर, आधी दुखतं का ते बघा. वाढीच्या वयातल्या पिल्लाला तर हे करायला लावूच नका, हाडांची वाढ पूर्ण होऊ द्या.

मग मी फक्त बसून बघितलं. फोन स्टूलवर ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, पोरीला सांगितलं तू नेहमी करते तसंच कर. आणि व्हिडिओत जे दिसलं ते असं: तर्री मागे जाते, पाठीमागे पोचते, मागचा उजवा पाय पोरीच्या दिशेने आत टाकते, क्लिक. एकदम बरोबर वेळेला. क्लिकमध्ये काहीच चूक नव्हती. पण खाऊची पिशवी पोरीच्या उजव्या कमरेला होती. क्लिक झाला की तिचा उजवा हात पिशवीत जायचा, चिकनचा तुकडा निघायचा आणि तिच्या उजव्या गुडघ्यापाशी खाली यायचा. तर्री त्या वेळी पाठीमागे, तोंड डावीकडे करून उभी. म्हणजे तिला तो तुकडा घ्यायला पूर्ण उलटं वळून उजवीकडे पळत यावं लागायचं. यायची बिचारी. शंभरदा तसं झाल्यावर तिने हिशोब लावला की मागे दोन पावलं टाकायची आणि मग वळून उजव्या गुडघ्याशी जायचं, पगार तिथे मिळतो. मग क्लिकची वाट बघायची तरी कशाला, आधीच वळलेलं बरं. तीन-चार वेळा तर व्हिडिओत स्पष्ट दिसतं, पिशवीकडे हात नुसता हलला तरी ती वळायला लागते.

क्लिक कुत्र्याला सांगतो की काय केल्याबद्दल पैसे मिळाले. पण खाऊ कुठे मिळाला त्यावर कुत्र्याचं अंग पुढच्या वेळी कुठे झुकेल हे ठरतं. बसणं-झोपणं शिकवताना खाऊ कुठेही दिला तरी फार बिघडत नाही, म्हणून याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण हालचालीची ट्रिक असली आणि त्यातही कुत्रा तुमच्या अंगाभोवती फिरत असला तर अर्धं ट्रेनिंग खाऊच्या जागेत आहे. बॉब बेली, ज्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकन नेव्हीच्या डॉल्फिन प्रकल्पात ट्रेनिंगचं काम बघितलं, ते पुढे माणसांना ट्रेनिंग शिकवायला कोंबड्या वापरायचे, कारण कोंबडी भराभर हालते आणि तुमचा हात जरा उशिरा गेला किंवा चुकीच्या जागी गेला की लगेच दाखवून देते. कुत्रा सांभाळून घेतो, कोंबडी नाही घेत.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. तर्री गोल फिरताना तिचं उजवं अंग पोरीकडे असतं. मागचं अंग पोरीकडे आत वळायला पाहिजे असेल तर तोंड थोडं बाहेर, म्हणजे तिच्या डावीकडे जायला पाहिजे. पोरगी खाऊ द्यायची तो पायाला चिकटून. त्याने तोंड आत यायचं आणि ढुंगण बाहेर फेकलं जायचं, आणि एकदा ते बाहेर गेलं की गोल संपला.

हे समजावताना घरचे आबा खुर्ची टाकून बसले होते. ते पहिल्या दिवसापासून या प्रकाराकडे संशयानेच बघत होते. "हे पोट्टी टकटक वाजवून राहिली, याच्यानं कुत्रं काय शिकते? आमच्या वावरातल्या कुत्र्याले कोणी शिकवलं होतं?" मी त्यांना तर्रीचा व्हिडिओ दाखवला, तोंड आत आलं की मागचं बाहेर, तोंड बाहेर गेलं की मागचं आत. आबा म्हणाले, "म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेतो तसं. मुंडकं इकडे फिरवलं का ट्रॉली तिकडे जाते." एवढं सोपं मला नसतं सांगता आलं, त्यानंतर खाऊ कोणत्या बाजूने द्यायचा ते पोरीलाही लगेच समजलं.

टकटकीबद्दल आबांना सांगितलं ते इथेही सांगते कारण घरोघरी हा प्रश्न येतोच. ही काही यूट्यूबची फॅशन नाहीये. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ सालीच एका लेखात लिहिलं होतं की कुत्र्याला शिकवायचं तर खेळण्यातली टिकटिक वाजणारी वस्तू वापरा, आधी आवाज आणि खाऊ यांचं नातं बसवा, मग पाहिजे ती हालचाल झाली की त्या क्षणी वाजवा. त्यांचेच विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी याच पद्धतीने प्राणी शिकवायचा धंदा उभा केला. नंतर कॅरन प्रायर यांनी हवाईत डॉल्फिनांना शिट्टीवर शिकवलं आणि १९९० च्या दशकात कुत्रेवाल्यांमध्ये क्लिकर पसरला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला दटावलं तर तो पोहून निघून जातो, म्हणून तिथे मारझोड न करता शिकवणं भागच होतं. तर्रीला पण पट्टा ओढून मागे फिरवता येईल एखाद वेळ, पण ओढलेला कुत्रा पाय रोवतो, आपले पाय कुठे टाकायचे ते शोधत नाही.

आता काय बदललं ते.

पिशवी कमरेवरून काढली. सुरुवातीला दोन्ही मुठीत तीन-चार तुकडे, क्लिकर डाव्या हातात, दोन्ही हात बेंबीजवळ शांत. क्लिक होईपर्यंत हात हलायचा नाही. क्लिक झाल्यावर तर्रीचं तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात जाईल आणि तोंडाच्या बाहेरच्या अंगाने देईल. तर्री पाठीमागे असताना तोंड डावीकडे, म्हणजे डावा हात मागे नेऊन अंगापासून लांब द्यायचा. उजव्या बाजूला असताना तिचं तोंड मागे, म्हणजे उजवा हात कमरेच्या मागे. हे वाचायला सोपं, करायला हात गोंधळतात, म्हणून आधी कुत्र्याशिवाय सराव केला. तिचा लहान भाऊ चारी बाजूंना उभा राहून "इथे" म्हणायचा आणि ती क्लिक करून त्या बाजूला हात न्यायची. टायमिंगसाठी तो चेंडू वरून सोडायचा आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत क्लिक. तर्रीला या वेळी खोलीबाहेर ठेवलं, नाहीतर तिला फुकटचे क्लिक ऐकू येतात आणि क्लिकची किंमत जाते.

खाऊ बदलला. आधी फुटाणेही द्यायची ही, ते चावायला वेळ लागतो, चुरा खाली पडतो आणि कुत्रं जमीन हुंगत बसतं, तोवर मागच्या पायाने काय केलं होतं ते विसरून जातं. उकडलेलं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, जिभेवर ठेवले की गेले. तेवढं जेवणातून कमी करायचं. आणि रस्सा-मसाल्याचं घरचं मटण देऊ नका प्लीज, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

जमीन. घरात गुळगुळीत टाइल्स, त्यावर मागचे पाय सरकतात आणि सरकलेल्या पायाला परत मागे टाकायची हिंमत कुत्रा करत नाही. सतरंजी टाकून बघितली होती त्यांनी, पण सतरंजीच सरकते. रबरी मॅट आणली. गच्चीवर कोबा आहे, तिथे पकड उत्तम मिळते, पण नागपूरचा एप्रिल-मे, सकाळी उजाडता उजाडता जे होईल तेवढंच, उन्हं चढली की कोबा तापतो आणि पंजे भाजतात. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर उभं करू नका. म्हणून उन्हाळाभर बरंचसं काम आतल्या खोलीतच झालं आणि तिथे कूलरचा प्रश्न. कूलरच्या घरघरीत क्लिक बुडतो, तर्री दोन-दोनदा मान वर करून बघायची की वाजलं की नाही. मग सेशन दोन मिनिटांचं आणि तेवढा वेळ कूलर बंद. तसंही दोन मिनिटांपेक्षा जास्त लांबवण्यात अर्थ नसतो, डोकं थकतं कुत्र्याचं.

आतल्या खोलीत एक फायदा झाला. पोरीला पाठीमागचं दिसत नव्हतं, म्हणून ती उजव्या खांद्यावरून वळून बघायची, आणि तिचा खांदा वळला की तर्रीला वाटायचं इकडून ये म्हणते. खोलीत लोखंडी कपाट आहे, दाराला लांब आरसा. पोरीला आरशाकडे पाठ न करता बाजूने उभं केलं आणि समोर भिंतीला ड्रेसिंग टेबलचा छोटा आरसा तिरका टेकवला, आता मान न हलवता मागचे पाय दिसायला लागले. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी दुसऱ्या माणसाला क्लिकर द्यावा, उभं राहणारा एक आणि क्लिक करणारा दुसरा, काही बिघडत नाही.

आणि मुख्य बदल म्हणजे क्रम उलटा केला. पहिल्या पाव गोलापासून पुढे जायच्या ऐवजी शेवटच्या पाव गोलापासून सुरुवात. तर्रीला पोरीच्या पुढे आडवं उभं केलं, तोंड पोरीच्या उजव्या हाताकडे, तिथून फक्त मागे सरकत डाव्या गुडघ्याशी यायचं. डाव्या गुडघ्याशी येणं तिला पाटावरच्या सरावामुळे चांगलं माहीत होतं, तिथे भरपूर खाऊ मिळालेला होता, त्यामुळे ती ओळखीच्या जागेकडे चालली होती. हे पक्कं झाल्यावर उजव्या बाजूपासून सुरुवात करून अर्धा गोल, मग पाठीमागून सुरुवात करून पाऊण, मग पूर्ण. पाचातून चार वेळा नीट झालं की पुढे, लागोपाठ दोन-तीनदा बिघडलं की एक पायरी मागे. आता तिला उजव्या गुडघ्याशी वळून जायचं कारणच राहिलं नाही, सगळी मोठी कमाई डाव्या गुडघ्याशी.

मागचं अंग बाहेर जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या, त्यांना जुनी चादर गुंडाळली कारण खुर्चीच्या पायांमधून तर्री बाहेर निघायची, आणि पोरगी मध्ये उभी. पोरीचे पाय आणि चादर यांच्यात तर्रीच्या अंगाला पुरून वीतभर जागा. एक बाजू उघडी ठेवली, कुत्र्याला नको वाटलं तर निघून जाता आलं पाहिजे, कोंडून शिकवणं म्हणजे पट्ट्याने ओढण्याचाच प्रकार झाला. पहिल्या दिवशी ती दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आली आणि स्वतःहून परत आत घुसली, तेव्हा मला खात्री पटली की हे होणार.

खुर्च्या काढताना परत अडलं. एकदम सगळ्या काढल्या तर मागचं अंग परत बाहेर. मग खुर्च्या रोज थोड्या थोड्या बाहेर सरकवल्या, आणि जिथे तर्री सगळ्यात पक्की तिथली खुर्ची आधी काढली, पाठीमागची सगळ्यात शेवटी. या काळात एक दिवस ती पाठीमागे थांबून जोरजोरात भुंकायला लागली. घरचे म्हणे चिडली. चिडली नव्हती, तिला वाटत होतं की आपण बरोबर करून राहिलो आणि क्लिक का येत नाही. आपण दोन पावलांवर क्लिक देत होतो ते एकदम पाच पावलांवर नेलं होतं. परत दोनवर आणलं, मग कधी दोन, कधी तीन, कधी एकच, असं वरखाली करत वाढवलं. दरवेळी अवघडच होत गेलं तर कुत्रं हरतं, मध्ये मध्ये सोपं मिळालं पाहिजे.

नाव सगळ्यात शेवटी दिलं. हालचाल गोल आणि सुटसुटीत झाल्यावर, ती सुरू करायच्या अगदी आधी "चक्कर" म्हणायचं. आधीपासून ओरडत राहिलं असतं तर अर्धवट, वाकडी, वळून येणारी फेरी म्हणजे चक्कर असं तिच्या डोक्यात बसलं असतं. "फिर" हा शब्द तोंडाने पुढे चालत फिरण्याला आधीच दिलेला होता म्हणून वेगळा आवाज पाहिजे होता. शब्द म्हटल्यावर केलं तर क्लिक, न म्हणता स्वतःहून केलं तर काही नाही, रागावणं पण नाही. आठवड्याभरात तिला फरक कळला. खुर्च्या गेल्यावर क्लिकरही हळूहळू कमी केला, येत असलेल्या गोष्टीला क्लिकर लागत नाही, शाबासकी आणि कधीमधी खाऊ पुरतो.

सध्याची स्थिती अशी की घरात आणि गच्चीवर तर्री दोन पूर्ण फेऱ्या सलग काढते, तोंड बाहेर, ढुंगण आत, मागचे पाय एकावर एक ओलांडत टाकते ते बघण्यासारखं आहे. अंबाझरीच्या बाजूला सकाळी कमी गर्दीत एक फेरी होते. फुटाळा तलावावर संध्याकाळी भुट्टेवाले, फुगेवाले, गाड्या यात होत नाही आणि ते अपेक्षितच आहे, जागा बदलली की कुत्र्यासाठी अर्धं नव्याने शिकणं असतं, तिथे परत पाव गोलापासून सुरू करायचं ठरलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या वेळी ढोल-फटाक्यांनी ती पलंगाखाली बसते, त्या दोन-तीन दिवसांत काहीच करायचं नाही असंही ठरलंय.

आबा आता सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि पोरीचा हात चुकीच्या बाजूला गेला की "ट्रॉली, ट्रॉली" म्हणून ओरडतात. उजव्या गुडघ्यापासून सुरू होणारी उलट्या दिशेची फेरी अजून बाकी आहे, तिच्यासाठी पाटावर मागचं अंग दुसऱ्या बाजूला फिरवण्यापासून सुरुवात केली आहे, कारण या बाजूचं येतं म्हणून त्या बाजूचं येईल असं कुत्र्यात होत नाही, आणि खाऊच्या हातांचा सगळा हिशोब पण उलटा करून पोरीला परत भावासोबत कोरडा सराव करायला लावलाय.